कोपऱ्यात संपलेलं सारवण

खोल्या घेऊन भाड्यानं द्यायच्या म्हणतेस, तर पोरी, आधी छपराची कवेलू पाहा. खोलीत उभी राहून वर पाहिलंस की उजेड कुठून कुठून गळतो ते दिसतं. जिथून उजेड, तिथून पाणी. मग भिंतीचं बूड पाहा, ओल किती वर चढली आहे ते. नवा मातीचा पोतेरा दिला असेल तर नखानं खरवडून पाहा. विकणारा काय बोलतो ते एका कानानं ऐक आणि तिथं राहणाऱ्या बाया काय बोलत नाहीत ते दोन्ही कानांनी ऐक. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते.

कंदील जरा इकडे सरकव. तू व्यवहार विचारायला आलीस आणि मी व्यवहारच सांगणार आहे. त्यात मधे जे येतं ते मी घरून आणलेलं नाही, ते खोल्यांसोबतच आलं. ऐकवत नसेल तर आताच उठ. मला अर्ध्यात थांबायची सवय नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा गेला तेव्हा नाचणगावला दिराच्या घरी राहत होते. बबनराव, माझे दीर, वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या घरात मी चुलीपुढची होते. धुरात बसायचं, सगळ्यांची पानं उठली की तव्यावरची शेवटची भाकरी घ्यायची, आणि कोणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं. एक दिवस तीच भाकरी हातात घेतली आणि ठरवलं, आता आपल्या छपराखाली बसून खाईन. माहेरचं सोनं मोडलं, वाट्याचं वावर विकलं, आणि पुलगावात रेल्वे फाटकाच्या अलीकडे पाच खोल्यांची ओळ विकत घेतली. गिरणीचा भोंगा तिथं असा ऐकू यायचा जसा काही उशाशीच वाजतो आहे.

बबनराव म्हणाले, "वहिनी, खोल्या घेनं म्हनजे गाय घेनं नाई. गायीनं दूध नाई देल्लं तं बांधून तं ठेवता येते. भाडेकरू बांधता येते का?"

मग ते गोड आवाजात म्हणाले, "जमलं नाई तं चिंता नोका करू. चूल आपलीच आहे."

त्या एका वाक्यासाठी मी पुढे काय काय सोसलं ते तुला कळेल. मला त्या चुलीकडे परत जायचं नव्हतं. बाकी काही गेलं असतं तरी चाललं असतं.

विकणारे मधुकरराव. कापसाच्या दलालीत होते, तोंडात पान, बोलणं तुपातलं. त्यांनी एकेक खोली उघडून दाखवली. शेवटच्या खोलीशी आले तेव्हा कडी काढली आणि स्वतः बाहेरच उभे राहिले. मी आत गेले. खिडकी नव्हती. एकच दार, मागे कोरी भिंत. पण जमीन काय सुरेख सारवलेली होती. अजून ओलसर. मला वाटलं, माणूस मोठा नीट आहे, गिऱ्हाईक येणार म्हणून खोली सारवून ठेवली.

"हे खोली तुमी सोताले ठेवा, जिजाबाई," ते दारातून म्हणाले. "एका बाजूले आहे. कोनाची कटकट नाई."

मालकानं एका बाजूला राहायचं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मालकानं तोंडाशी राहावं. कोण येतं, कोण जातं, कोणाच्या घरी पाहुणा मुक्काम ठोकून आहे, सगळं बसल्या जागी दिसतं. मी रस्त्याकडची पहिली खोली घेतली. मधल्या तीन खोल्यांत भाडेकरू होतेच, सगळे गिरणीतले. माझ्या लगतच्या खोलीत आनंदाबाई आणि तिचा नवरा नत्थूजी. आनंदाबाई त्या ओळीत सगळ्यात जुनी. जीभ तिची अडकित्त्यासारखी. पण शेवटच्या खोलीचं काही विचारलं की ती सुपातले खडे वेचायला लागायची, खडे असोत की नसोत.

शेवटची खोली रिकामी होती, आणि रिकामी खोली म्हणजे मालकाच्या दाताला लागलेली कीड. मग प्रेमदास आला. गिरणीत सूतखात्यात लागलेला, सरळ, कमी बोलणारा. बायको कमला, तळेगाव श्यामजीपंतची. दिवस राहिलेले होते. त्यांनी मागल्या साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. खोली पाहायला आली तेव्हा कमलानं भिंतीतल्या रिकाम्या देवळीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "बरं झालं, आमाले इथं काई ठेवाचं नाई. चिमणी ठेवीन."

आनंदाबाई मला विहिरीवर गाठून कुजबुजली, "आता एकाच विहिरीवर पानी भरनार का हे?"

"विहीर माझी आहे," मी म्हटलं. "दोर माझा आहे. पाणी जमिनीचं आहे. ज्याले चालत नाई त्यानं टेशनावरचा नळ पाहावा."

नळ लांब होता. तो विषय तिथंच मिटला. खोल्या चालवायच्या तर हे लक्षात ठेव: पहिल्या भांडणात जो बोलतो तो मालक. नंतर बोललेलं कोणी ऐकत नाही.

महिना-दोन महिने बरे गेले. मी रोज सकाळी सगळ्यांच्या पुढची ओसरी झाडायची, अंगणात सडा टाकायची. येता जाता कमलाच्या उघड्या दारातून आत नजर जायची. पोट पुढे आलेलं, तरी जमीन अशी सारवलेली की आरशासारखी. मला कौतुक वाटायचं. विहिरीवर मी बाकीच्या बायांना टोचायची, "त्या पोरीकडे पाहा. पोटुशी आहे तरी सारवण पाहा कसं. आणि तुमच्या घरी कोंबड्या उकरतात."

त्यावर कोणी काही बोलायचं नाही. मला वाटायचं, लाजल्या.

एक दिवस कमला ताटलीवर ताटली झाकून अंबाडीची भाजी घेऊन आली. दारात अवघडून बसली.

"हे काऊन वं?" मी विचारलं.

"काई नाई. तुमी माह्यासाठी एवढं करता, मले लाज वाटते."

"मी काय करते तुझ्यासाठी? भाडं घेते."

ती हसली. "ऱ्हाऊ द्या, मावशी. मी विहिरीवरून येते तं जमीन सारवून. वाकनं होत नाई मले, तुमाले दिसलं, अन् कोनाले न सांगता तुमी... सख्खी सासू करत नाई एवढं."

ताटली माझ्या हातात होती. गरम होती. मी ती खाली ठेवली.

बघ, इथं लक्ष दे. इतके दिवस मी तिला शाबासकी देत होते आणि ती मला. दोघींनी एकमेकींच्या नावावर खपवलेलं काम तिसरंच कोणी करत होतं.

मी तिला काही सांगितलं नाही. पोटुशी बाईला असलं सांगतात का. "खाऊन टाकीन भाजी," म्हटलं, "जा, पडून ऱ्हाय जरा."

तुला वाटेल मी घाबरले. नाही. भीती नंतर आली, आधी मला कुतूहलानं खाल्लं. माझ्याकडे गोठा नाही, ओळीत कोणाकडे गाय नाही. शेण कुठून आलं? सारवणारी आत केव्हा जाते? आणि फुकट का करते? जगात फुकट सारवणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, मी स्वतः सोडून.

दुसऱ्या दिवशीपासून मी पहाट फुटायच्या आत ओसरीवर येऊन बसायला लागले, दातांना मिसरी लावत. तिथून सगळी दारं दिसतात. दोन-तीन सकाळी काही घडलं नाही. मग एका सकाळी भोंगा झाला, प्रेमदास डबा घेऊन कामावर गेला. उजाडत होतं. कमलानं दार ओढलं, कडी घातली आणि घागर घेऊन विहिरीकडे गेली. मी डोळा हलवला नाही. कोंबडी सुद्धा त्या दाराकडे गेली नाही. कमला घागर घेऊन परत आली, कडी काढली, आणि तिकडूनच हसत म्हणाली, "मावशी, झालं बी का तुमचं?"

माझ्या तोंडात मिसरी तशीच राहिली.

मी उठले, तिच्या हातची घागर उतरवली आणि म्हटलं, "तू बाहेर ऊन खा जरा. ओलं आहे, पाय घसरन." आणि मी एकटी उंबऱ्यात उभी राहिले.

ओल्या शेणाचा वास आला. ताज्या. सारवण उत्तम होतं, हाताला सराव असलेल्या बाईचं. बोटांच्या कमानी एकीला लागून एक, कुठं ढेकूळ नाही, कुठं सुटलेलं नाही. मी खाली बसून पाहू लागले, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळेना. हात चांगला आहे, माती चांगली आहे, मग खटकतंय काय?

तू सारवतेस ना? मग सांग, सुरुवात कुठून करतेस? मागच्या भिंतीपासून. सारवत सारवत मागे सरकत दाराशी येतेस, शेवटची कमान उंबऱ्याशी काढतेस आणि बाहेर निघतेस. आपल्या आईनं असंच शिकवलं, तिच्या आईनं तिला. उलटं केलं तर ओल्यावर पाय देऊन बाहेर यावं लागेल.

कवेलूवर कवेलू चढतं तशी सारवणात प्रत्येक कमान आधीच्या कमानीवर थोडी चढते. कोणती आधी, कोणती नंतर, ते दिसतं. मी उंबऱ्यापासून बघत गेले. पहिली कमान माझ्या पायाशी होती. दुसरी तिच्यावर, आणखी आत. तिसरी आणखी आत. दारापासून सुरू करून ती बाई आत आत गेली होती... मागच्या भिंतीपर्यंत... आणि डाव्या कोपऱ्यात सारवण संपलं होतं.

त्या कोपऱ्यात एक जागा कोरडी होती. एक बाई मांडी घालून बसेल एवढी.

आणि बाकी सगळ्या ओल्या जमिनीवर एक पाऊल नव्हतं.

मी त्या कोरड्या जागेकडे बघत राहिले. तिथं काही नव्हतं. पण मान वर करून पाहायचा मला धीर होईना, का तर मला असं वाटत होतं की मी ज्या उंचीवर बघते आहे तिथं गुडघे आहेत, आणि नजर वर केली तर...

बाहेरून कमला म्हणाली, "मावशी, काय पाहून राह्यल्या?"

"जमीन वाळू दे," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

त्या दुपारी मी आनंदाबाईच्या दारात जाऊन बसले. तिनं सूप घेतलं. मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"बोल."

"काय बोलू?"

"शेवटच्या खोलीत कोण होती?"

तिनं शेवटच्या खोलीकडे पाठ वळवली. मग इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांकडे पाहावं लागलं. "होती एक. नाव नाई मालूम. शेवटची खोलीवाली म्हनो आमी. नवरा गिरनीतून निघून गेलता कुठंतरी. हिले दिवस भरत आलते. मधुकररावानं सांगतलं, खोली खाली कर, माह्या खोलीत बाळंतपन नाई पाह्यजे. अन् आमी बी..."

"तुम्ही बी काय?"

"आमी बी म्हनलं मंग. एकच न्हानी, एकच विहीर. सव्वा महिना विटाळ कोन पाळन?" तिनं पदर तोंडाला लावला. "ते पाया पडली सगळ्याईच्या. बाळंतपनापुरतं ऱ्हाऊ द्या म्हने. कोनी नाई बोललं. मंग सकाळी तिनं शेन आनलं. खोली खाली करताना सारवून द्यावं लागते ना, मालकाच्या हाती... तं आत गेली. आमी सगळ्या पाहून राह्यलो होतो, जिजाबाई. बाहेर आलीच नाई."

"मग?"

"मंग काय. मधुकरराव किल्ली घ्याले आले. दार उघडलं. आत कोनी नाई. सारवन ओलं. तेव्हापासून कोनी तिथं टिकत नाई. कोनी म्हने भास होते, कोनी म्हने घर धार्जिन नाई. तुमी घेतल्या, आमी म्हनलं नवी मालकीन आहे, आपल्याले काय."

भाडेकरू असे असतात. छपराला भोक पडलं तर रात्री उठवतील आणि हे नाही सांगणार.

मी मधुकररावांकडे गेले. ते दुकानाच्या गादीवर बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, "ती बाई कुठं गेली?"

कोणती, म्हणून त्यांनी विचारलं नाही. पान थुंकले. "खोली खाली करून गेली. सारवून बी देल्ली. आनखी काय पाह्यजे मालकाले?"

"कुठून गेली? मागे दार नाही, खिडकी नाही."

ते माझ्याकडे पाहीनात. "मी उंबऱ्याच्या आत पाय नाई ठेवला, जिजाबाई. ओलं होतं. मी म्हनलं, वाळलं की ताबा घेईन." मग आवाज उतरला. "ते वाळलंच नाई कधी. जवा उघडावं तवा ओलं."

घरी येताना मी फाटकाशी उभी राहिले. मालगाडी जात होती. मला त्या बाईचा हिशेब कळला. ती खोली खाली करून देत होती. रोज. ताबा घ्यायला कोणी येत नव्हतं, आणि पोट घेऊन जायला तिला जागा नव्हती. म्हणून दारापासून सुरू करून ती आत सरकत जायची, बाहेर यायची वेळच येऊ नये म्हणून. असं मला वाटलं. खरं काय ते तीच जाणे.

आणि त्याच आठवड्यात तेच सगळं पुन्हा माझ्या दारात आलं. कमलाचे दिवस भरत आले होते. तिची आई नव्हती. तळेगावला बापानं दुसरी केली होती आणि तिनं निरोप धाडला की इकडे नको. प्रेमदासचा भाऊ जाम गावात रस्त्यावर चहाची टपरी टाकून तिच्यातच राहत होता. आनंदाबाई मधल्या दोन खोल्यांतल्या बाया घेऊन माझ्या ओसरीवर आली. भ्यायलेल्या होत्या, आणि भ्यायलेली बाई फार नियमानं बोलते.

"तिले जाऊ द्या, जिजाबाई. त्या खोलीत बाळंतपन नोको. नाई तं आमाले खोल्या सोडा लागन. सगळ्याईले."

सगळ्या गेल्या असत्या तर माझ्याकडे भिंती उरल्या असत्या. चार दिवसांत बबनराव बैलगाडी घेऊन आले असते. चूल आपलीच आहे म्हणाले असते.

मी उठले आणि त्यांच्या देखत सरळ शेवटच्या खोलीत गेले. कमला गाठोडं बांधत होती. तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशीही जमीन ओली होती. मी ओल्यावरून पाय देत गेले, कोपऱ्यापर्यंत, आणि त्या कोरड्या जागेला लागून खाली बसले. माझ्या पावलांचे ठसे सगळ्या बायांना दारातून दिसत होते.

"गाठोडं सोड," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, बाहेर ऐकू जावं म्हणून. "या खोलीची मालकीण मी आहे. या खोलीत जी कोणी आहे तिचं बाळंतपण इथंच होईल. तिनं इथून हलायचं नाही. तिला कोणी खाली कर म्हणायचं नाही. आणि ज्याले खोली सोडायची आहे त्यानं आज सोडावी, मी उद्या दुसरा आणीन."

कमला गाठोड्यावर डोकं ठेवून रडायला लागली. दारातल्या बाया एकेक करून गेल्या. कोणी खोली सोडली नाही. मी सांगितलं ना, पहिल्यांदा बोलतो तो मालक.

आणि माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी श्वास सोडला. लांब, थकलेला... डोक्यावरची भरली घागर खाली ठेवताना सोडतात तसा.

दुसऱ्या दिवसापासून सारवण बंद झालं. जमीन वाळली, तडकली. चार दिवस वाट पाहून मी स्वतः शेण विकत आणलं आणि सारवलं, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, रीतीप्रमाणे. त्या कोपऱ्यात हात फिरवला तेव्हा जमीन कोमट लागली. पण मी खुशीत होते. म्हटलं, जिजाबाई, भुताचा सुद्धा व्यवहार असतो. नीट बोललं की मिटतो.

कमला भरदुपारी बाळंत झाली. सुईण रुख्माबाई, नाचणगावची, हात सोन्याचा. मी बाहेर चुलाणावर पाणी तापवत होते. पोरगा झाला. रडणं ऐकलं आणि मी आणखी एक लाकूड चुलाणात सारलं. थोड्या वेळानं रुख्माबाईनं बाळामागून पडलेली वार पुरायला खुरपं मागितलं. ती खोलीच्या कोपऱ्यात पुरायची, अशी तिची रीत. आत खुरप्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा... आणि थांबला. मग माती घाईघाईनं लोटल्याचा आवाज आला. रुख्माबाई टोपलं झाकून बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता परसात गेली.

"काऊन? आत का नाही?"

ती खणत राहिली. "तिथं जागा भरली आहे," म्हणाली. "ताजी वार आहे." नंतर लुगडं आणि नारळ घ्यायला सुद्धा ती थांबली नाही. मी निरोप पाठवला तर म्हणे, पाठवून द्या.

मी ते डोक्यातून काढलं. बाळंतिणीच्या घरात कामं काय कमी असतात. शेक, शेगडी, ओव्याची धुरी, शेपूची भाजी. पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. कोवळं ऊन ओसरीवर आलं होतं. कमला नुकतीच न्हायलेली, केस मोकळे, उंबऱ्याला टेकून बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू, तोंडावर टोपरं ओढलेलं. आतून धुरीचा धूर हळूहळू बाहेर येत होता.

"झोपला का?" मी विचारलं.

"हो," ती हळूच म्हणाली, "आताच."

मी लाडवाचा डबा खाली ठेवला. आणि आत, त्या धुरात, लेकरू रडायला लागलं.

नुकतं जन्मलेलं लेकरू कसं रडतं ते बाईला सांगावं लागत नाही. ते आनंदाबाईच्या घरातून नव्हतं, रस्त्यावरून नव्हतं. आतून होतं. मी कमलाच्या मांडीकडे पाहिलं, मग धुराकडे.

"कमला... आत कोण आहे?"

"माहा पोट्टा," ती म्हणाली. अगदी साधं. "भुकेला असन."

"मग हा?"

"हा तिचा." तिनं दुपट्याची घडी नीट केली. "तिले झोप लागली जरा. रातभर दोघाईले तेच घेऊन होती, मले निजू देल्लं. मंग आता मी नाई धरावं का?" माझं तोंड पाहून ती थोडी हसली. "आमी भूत-बित काई मानत नाई, मावशी. बाळंतीन आहे ते. तुमीच तं ऱ्हाय म्हनलं तिले. धरा बरं जरा, मी त्याले पाजून येते."

मी नाही म्हणायच्या आत तिनं ते दुपटं माझ्या मांडीवर दिलं आणि आत गेली. आतलं रडणं थांबलं. चुटचुट दूध ओढल्याचा आवाज यायला लागला.

माझ्या मांडीवर वजन होतं. लेकराएवढंच. माठाचं बूड असतं तसं थंड. मी टोपरं बाजूला केलं नाही. मालकीण म्हणून सगळ्या खोल्यांची कुलपं उघडणारी बाई मी, पण ते मी उघडलं नाही. डोळे मिटून उन्हात बसून राहिले, म्हटलं, येईल कमला. आणि दुपट्यातून हात बाहेर आला नाही, तरी माझी करंगळी कोणीतरी धरली. पाच बारीक बोटांनी. घट्ट.

प्रेमदासनं पुढे स्वतःचं घर बांधलं. कमला गेली. जाताना कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, "सांभाळजा." खोली मी कोणाला देत नाही. लोक म्हणतात जिजाबाईनं एक खोली रिकामी ठेवली आहे, डोकं फिरलं. ती रिकामी नाही, म्हणून देत नाही. बाळंतपण होईस्तोवर राहा, असं मी बोलले होते. नंतर कधी जायचं ते बोलले नव्हते, आणि आता कोणत्या तोंडानं बोलू?

मी रोज दुपारी त्या उंबऱ्यावर टेकते. करंगळी धरली जाते. कमलाचा पोरगा आता शाळेत जातो. परवा भेटायला आला, त्यानं माझा हात धरला, तेव्हा मला कळलं की दोघांचे हात एकाच मापाचे झालेत. त्याचं मला काही वाटत नाही. लेकरं वाढतातच.

पण चार दिवस झाले, खोलीतला तो आता नुसता धरून थांबत नाही. ओढतो. जोरात नाही, पोरी... हळू, आतल्या बाजूला. लेकरू आजीला काहीतरी दाखवायला ओढतं तसं.